ऑपरेशन झाले, जखम भरेना : प्राणवायूच्या टाकीत जावे की नाही?



आजचा लेख थोडा उशिराच लिहितो आहे. खरे तर तो दोन महिन्यांपूर्वीच लिहायला हवा होता. उशीर का झाला आणि त्यात माझी चूक काय होती, ते लेखाच्या ओघात सांगेनच.

गेल्या वर्षावासातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायऱ्या उतरत होतो. आमच्याच वस्तीतल्या एका कुटुंबातला थोरला मुलगा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "दादा, पतपेढीत कर्जासाठी जामीन पाहिजे. तुम्ही सही कराल का?" किती कर्ज, म्हणून विचारले तर म्हणाला, "एक लाख वीस हजार." कशासाठी, तर बापाच्या पायासाठी.

त्याचे वडील म्हणजे आमचे काका. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत तीस वर्षे राबलेले. कंपनी बंद पडली आणि काका एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन झाले. मधुमेह पंधरा वर्षांचा जुना. पावसाळ्यात चपलेतून खिळा वर आला, तळपायाला टोचत राहिला, पण पाय बधिर असल्यामुळे त्यांना कळलेच नाही. मोज्याला रक्त लागलेले काकींनी पाहिले, तोवर बोट काळे पडले होते. ऑपरेशन करून बोट काढले. दोन महिने झाले तरी जखम उघडीच. अशात कोणीतरी मुलाला सांगितले, की अमुक ठिकाणी ऑक्सिजनची टाकी आहे, तिच्यात झोपवले की जखम भरते. तिथे त्याला ३० बैठकांचा हिशेब दिला गेला. एका बैठकीचे चार हजार. आणि वर एक वाक्य, "नाहीतर पाय गुडघ्यापासून जाईल." हे वाक्य ऐकल्यावर कोणता मुलगा हिशेब करत बसेल? काकींचे डोरले तर ऑपरेशनच्या वेळीच गहाण पडले होते.

मी सहीला नाही म्हटले नाही. पण कारकुनाची सवय अशी, की व्हाऊचर पाहिल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत. म्हणालो, "बाळा, मला दोन दिवस दे. तोवर आपण एका सरकारी सर्जनला पाय दाखवू."

हे दाबाचे प्राणवायू उपचार म्हणजे काय?

इंग्रजीत याला हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी म्हणतात. आपण साध्या मराठीत दाबाचा प्राणवायू म्हणू. आपण श्वास घेतो त्या हवेत प्राणवायू फक्त २१ टक्के असतो. या उपचारात रुग्णाला एका बंद, भक्कम टाकीत किंवा खोलीत बसवतात, आतला दाब बाहेरच्या हवेच्या दोन ते अडीच पट करतात आणि त्या दाबाखाली शुद्ध प्राणवायू श्वासावाटे देतात. समुद्रात १० मीटर खाली गेले की अंगावर एका वातावरणाचा दाब वाढतो. म्हणजे अडीच पट दाब हा १५ मीटर खोल पाण्याइतका झाला. एक बैठक साधारण दीड-दोन तासांची. अशा वीस ते चाळीस बैठका लागतात, बहुधा आठवड्याचे पाच दिवस.

दाब कशासाठी? आपल्याकडचा गोळीसोडा आठवा. पाण्यात वायू दाबाने भरलेला असतो. गोळी आत ढकलली की दाब सुटतो आणि वायू फसफसून बाहेर येतो. दाब जितका जास्त, तितका वायू द्रवात जास्त विरघळतो. रक्ताचेही तसेच.

एरवी प्राणवायू वाहून नेण्याचे काम रक्तातल्या तांबड्या पेशी करतात. आपण कल्याण-डोंबिवलीची माणसे, तर लोकलचेच उदाहरण घेऊ. तांबड्या पेशी म्हणजे लोकलचे डबे. निरोगी माणसात हे डबे ९७-९८ टक्के भरलेलेच असतात. डोंबिवलीला सकाळी आठच्या फास्टमध्ये आणखी माणूस शिरत नाही, तसा या पेशींतही आणखी प्राणवायू शिरत नाही. पण रक्तातला जो पाण्यासारखा भाग आहे, त्यात जागा असते. साध्या हवेत १०० मिलिलिटर रक्ताच्या या पातळ भागात जेमतेम ०.३ मिलिलिटर प्राणवायू विरघळतो. तीन पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिला तर तो ६ मिलिलिटरपर्यंत जातो, म्हणजे वीस पट. आराम करणाऱ्या शरीराची गरज साधारण तेवढ्यावरच भागते. १९६० साली हॉलंडमध्ये अॅमस्टरडॅमचे सर्जन बोरेमा यांनी डुकरांवर प्रयोग केला. त्यांच्या रक्तातल्या जवळजवळ सगळ्या तांबड्या पेशी काढून टाकल्या आणि दाबाच्या प्राणवायूवर त्यांना जिवंत ठेवून दाखवले.

जखमेला प्राणवायू कशाला लागतो? तीन कामांसाठी. जंतूंना मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना शस्त्र म्हणून तो लागतो. जखम सांधणारा जो चिवट धागा शरीर विणते, तो विणायला लागतो. आणि नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटायला या उपचाराने चालना मिळते. म्हणून ज्या जखमेला प्राणवायूची उपासमार आहे, तिला हा उपचार मदत करू शकतो. ज्या जखमेला उपासमार नाही, तिला त्याची गरजही नाही. अपेंडिक्स, हर्निया, सिझेरियन यांची साधी, स्वच्छ जखम आपली आपण भरते. तिथे टाकीत झोपून 'लवकर बरे होण्यासाठी' पैसे घालवू नयेत.

ही विद्या मजुरांच्या अंगावरून आलेली

या उपचारामागची दाबाची विद्या मोठ्या लोकांच्या दवाखान्यात जन्मली, असे कोणाला वाटत असेल तर ते खरे नाही. एकोणिसाव्या शतकात मोठ्या पुलांचे पाये नदीच्या तळाशी खोदताना मजुरांना उलट्या ठेवलेल्या प्रचंड पेटीत उतरवत. पाणी आत शिरू नये म्हणून पेटीत दाबाची हवा भरत. मजूर वर आले की सोड्याच्या बाटलीसारखे त्यांच्या रक्तात बुडबुडे सुटत. सांधे आखडत, पाय लुळे पडत, काही जण मरत. अमेरिकेत सेंट लुई येथील ईड्स पुलाच्या कामात, जो १८७४ साली पुरा झाला, दहाहून अधिक मजूर याने गेले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावरही हेच घडले. तिथला इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये याच आजाराने जायबंदी झाला. त्याचे नाव इतिहासात राहिले. मजुरांची नावे कोण सांगणार?

पुढे १८९० च्या सुमारास हडसन नदीखालच्या बोगद्यावर मॉयर नावाच्या इंजिनिअरने कामाच्या जागी दाबाची खोली बसवली. आजारी मजुराला तिच्यात नेऊन पुन्हा दाब द्यायचा आणि तो हळूहळू उतरवायचा. त्यामुळे मृत्यू झपाट्याने कमी झाले. आजची टाकी ही त्या खोलीची नात आहे. आपल्या देशात हे शास्त्र नौदलाने जोपासले, कारण पाणबुड्यांना हाच आजार होतो. मुंबईत कुलाब्याला नौदलाचे आयएनएचएस अश्विनी हे रुग्णालय आहे आणि नौदलाची वैद्यकीय संशोधन संस्थाही तिथेच आहे. आता मोठ्या शहरांतल्या काही खासगी रुग्णालयांतही टाक्या आल्या आहेत. म्हणजे कष्टकऱ्याच्या अंगावर शिकलेली विद्या कष्टकऱ्यालाच परवडू नये, असा हा उलटा न्याय आहे.

काकांच्या पायात काय निघाले?

सरकारी रुग्णालयात तीन तास रांगेत बसलो. सर्जनबाईंनी पट्टी सोडली आणि सर्वांत आधी जखमेकडे न पाहता पावलावर बोटे ठेवून नाडी शोधली. नाडी लागेना. मग डॉपलर तपासणी, एक्स-रे, रक्त. निदान असे निघाले, की मांडीखालची मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद आहे, साखर आटोक्यात नाही आणि शेजारच्या बोटाच्या हाडात जंतू शिरलेत.

बाईंनी मुलाला समोर बसवून जे सांगितले, ते मी माझ्या भाषेत सांगतो. रूळच बंद असेल तर लोकल पोचत नाही आणि रुळाच्या कडेने चालत येणारी माणसेही थोडीच पोचतात. आधी रूळ मोकळा करा. दाबाचा प्राणवायूसुद्धा शेवटी रक्तावाटेच जखमेपर्यंत जायचा आहे. म्हणून क्रम असा : आधी रक्तवाहिनी उघडणे, साखर ताब्यात आणणे, मेलेले मांस व सडके हाड काढणे, योग्य प्रतिजैविके देणे आणि पायावरचा भार काढणे. एवढे सगळे करूनही चार आठवड्यांत जखम हलली नाही, तर दाबाच्या प्राणवायूचा विचार करता येतो. तो मदतनीस आहे, मुख्य उपचार नव्हे.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आरोग्यमित्राला भेटून कागदपत्रे दिली. मंजुरी आली. रक्तवाहिनीत फुगा घालून ती उघडली. आणखी एक बोट गेले, हेही सांगितले पाहिजे. पण पाऊल वाचले. साडेतीन महिन्यांनी जखम बंद झाली. टाकीत जावे लागले नाही. पतपेढीचे कर्ज मात्र काढावेच लागले, वीस हजारांचे. पट्ट्या, औषधे, रिक्षा आणि पायासाठी खास चपला. त्या कागदावर मी सही केली.

आणि माझी चूक

काकांचा पाय वाचल्यावर माझ्या अंगात जरा वारे शिरले. महिला मंडळाच्या बैठकीत मी ठणकावून सांगितले, "ती ऑक्सिजनची टाकी म्हणजे गरिबांना लुटायचा धंदा आहे. कोणी फिरकू नका." टाळ्याही पडल्या.

त्या बैठकीत कल्याणहून आलेल्या एक ताई बसल्या होत्या. काही वर्षांपूर्वी त्यांना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. विकिरणाचे, म्हणजे शेक देण्याचे उपचार होऊन त्या बऱ्या झाल्या. पण आता लघवीतून रक्त जायचे. विकिरणामुळे मूत्राशयाच्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे मरत जातात, तसे त्यांचे झाले होते. त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनीच चिठ्ठी लिहून दाबाच्या प्राणवायूचा सल्ला दिला होता. माझे भाषण ऐकून त्यांनी ती चिठ्ठी डब्यात ठेवून दिली. सहा आठवड्यांनी रक्त इतके कमी झाले, की त्यांना रक्त चढवावे लागले. तेव्हा त्यांची वहिनी माझ्या दारात येऊन म्हणाली, "दादा, तुम्ही डॉक्टर आहात का?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी बी.कॉम. झालेला कारकून. एका पायावरून मी सगळ्या आजारांचा निकाल देऊन टाकला होता. त्यांच्या घरी जाऊन मी त्या ताईंची माफी मागितली, मग पुन्हा त्याच सर्जनबाईंकडे जाऊन सगळे नीट विचारून घेतले. ताईंच्या तीसेक बैठका झाल्या. रक्त पुष्कळ थांबले. अधूनमधून त्रास होतो, पण रक्त चढवावे लागत नाही. पैशांसाठी एका धर्मादाय रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटून सवलत मिळवली, उरलेले नातलगांनी उभे केले. हा लेख लिहिण्याचे खरे कारण हे आहे.

कशासाठी उपयोगी, कशासाठी नाही

आता नीट विचारून, तपासून घेतलेले सांगतो.

जिथे हा उपचार मान्य आहे, ती ठिकाणे अशी : पाणबुड्यांचा आजार, रक्तात हवेचा बुडबुडा अडकणे, शेगडीच्या किंवा जनरेटरच्या धुराची गंभीर विषबाधा, गॅस गँगरीन आणि मांस झपाट्याने सडवणारे जंतुसंसर्ग, चेंगरलेला हात-पाय, ऑपरेशननंतर लावलेली कातडी किंवा मांसाचा तुकडा निळा पडून जगेनासा होणे, औषधांना न जुमानणारा हाडाचा जंतुसंसर्ग, विकिरणानंतर वर्षांनी होणारे जबड्याच्या हाडाचे व मूत्राशयाचे नुकसान, आणि मधुमेहाची निवडक खोल जखम. यातल्या बहुतेक ठिकाणी तो शस्त्रक्रियेच्या आणि औषधांच्या जोडीनेच द्यायचा असतो.

मधुमेहाच्या पायाबद्दल डॉक्टरांमध्येही एकमत नाही, आणि ते का नाही हे आकड्यांवरून कळते. २०१० मध्ये स्वीडनमधल्या एका अभ्यासात एका गटाला दाबाचा प्राणवायू आणि दुसऱ्या गटाला टाकीतच नुसती हवा दिली. वर्षअखेरीस पहिल्या गटात ४८ पैकी २५ जणांची जखम भरली, दुसऱ्यात ४२ पैकी १२ जणांची. म्हणजे फायदा दिसला. पण २०१८ मध्ये हॉलंडमध्ये रक्तपुरवठा कमी असलेल्या १२० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्पष्ट फायदा सिद्ध झाला नाही. बरेच रुग्ण इतके अशक्त होते, की त्यांना सगळ्या बैठका पुऱ्याच करता आल्या नाहीत. म्हणून 'टाकीत गेलात तर पाय वाचेलच' असे जो सांगतो, तो खरे सांगत नाही. आणि 'उपयोगच नाही' असे जो सांगतो, तोही नाही. त्यात मीही आलो.

ताईंच्या आजाराबद्दल मात्र पुरावा बरा आहे. उत्तर युरोपातल्या देशांत झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. विकिरणाने बिघडलेल्या मूत्राशयाचा त्रास ३० ते ४० बैठकांनी कमी झाल्याचे त्यात दिसले.

कॅन्सर बरा करणे, मधुमेह घालवणे, मुलांचा स्वमग्नतेचा आजार, तारुण्य टिकवणे यांसाठी टाकीची जाहिरात कोणी करीत असेल तर लांब राहा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये लोकांना अशा दाव्यांपासून सावध केले आहे.

धोके कोणते?

दाब वाढताना कसारा घाटात बसतात तसे कानाला दडे बसतात. नाक दाबून हवा ढकलायला शिकवतात, तरी कधी पडद्याला इजा होते. चष्म्याचा नंबर काही आठवडे बदलू शकतो. मधुमेह्याची साखर आत असताना उतरू शकते, म्हणून उपाशी जायचे नाही आणि आधी साखर मोजायची. क्वचित प्राणवायूच्या अतिरेकाने फिट येते. फुफ्फुसाबाहेर हवा साचली असेल आणि तिच्यावर उपचार झाले नसतील, तर टाकीत जाणे जिवावर बेतते. दमा, जुना खोकला, पूर्वीचा टीबी, कानाचे ऑपरेशन, फिट, गरोदरपण यांपैकी काही असल्यास आधी सांगा. कॅन्सरची औषधे घेतली असतील तर त्यांची नावे दाखवा. ब्लिओमायसिनसारख्या औषधानंतर विशेष काळजी लागते.

सर्वांत मोठा धोका आगीचा. प्राणवायूत ठिणगीचा भडका होतो. ३१ ऑक्टोबर १९९७ रोजी इटलीत मिलान शहरातल्या एका रुग्णालयाच्या टाकीला आग लागून ११ जण गेले. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एका केंद्रात पाच वर्षांचा मुलगा टाकीतच जळून गेला. म्हणून आत फक्त सुती कपडे. मोबाईल, काडेपेटी, घड्याळ, डोक्याचे तेल, अत्तर, पावडर, नायलॉनची साडी काहीही नको. तिथला माणूस तुमचे खिसे तपासत नसेल, तर तिथून उठून या.

पैसे भरण्यापूर्वी हे विचारा

एक, जखम का भरत नाही, याचे कारण लिहून द्याल का? दोन, पायाचा रक्तपुरवठा तपासला का? तीन, तुमच्या टाकीत दाब किती आणि आत शुद्ध प्राणवायू देता की नुसती हवा? कापडी फुग्यासारख्या मऊ टाक्यांत दाब जेमतेम १.३ पट असतो. ज्या आजारांची यादी वर दिली, त्यांच्यासाठी ती टाकी नव्हे. चार, बैठक चालू असताना या विषयाचे शिक्षण घेतलेला डॉक्टर हजर असतो का? पाच, एकूण खर्च किती, आणि दहा-पंधरा बैठकांनंतर फरक नसेल तर थांबायचे की नाही हे कोण ठरवणार? सहा, हा सल्ला माझ्या सर्जनला मान्य आहे का? या सहा प्रश्नांची उत्तरे ज्याला देता येत नाहीत, त्याला आगाऊ पैसे देऊ नयेत.

पैशांची सोय म्हणून आधी तीन दारे ठोठवा. फुले योजनेत २०२३ च्या निर्णयाने कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आणि सर्व रंगांच्या रेशनकार्डांना जागा मिळाली. तुमचा उपचार त्यात बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारा. दुसरे दार धर्मादाय रुग्णालयांचे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार झालेल्या योजनेत त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला घेऊन जा आणि ही भीक नाही, हक्क आहे, हे लक्षात ठेवून मान वर करून बोला. तिसरे दार कामगार विम्याचे, म्हणजे ईएसआयचे. पगारातून कपात होत असेल तर कार्ड काढून घ्या. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत कामगारांच्या आरोग्य विम्यावर प्राध्यापक आदारकरांचा अहवाल १९४४ मध्ये तयार झाला आणि त्यातून १९४८ चा कायदा आला. ती कपात आपली आहे, तर दवाखानाही आपलाच.

बिनपैशांचा प्राणवायू

टाकीत न जाताही जखमेला जास्त प्राणवायू मिळवून देता येतो. बिडी-सिगारेट बंद करा, कारण धुरातला विषारी वायू तांबड्या पेशींतली प्राणवायूची जागा अडवतो. मिश्री आणि तंबाखूही सोडा, कारण त्यांतले निकोटीन रक्तवाहिन्या आवळते. माय-भगिनींनो, ही तुमच्यासाठीही सूचना आहे. ऑपरेशननंतर पथ्याच्या नावाखाली रुग्णाला नुसत्या पेजेवर ठेवू नका. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर अंडे, डाळ, चणे, मासे द्या, कारण जखम प्रथिनांनी विणली जाते. किडनी किंवा ब्लडप्रेशरचा त्रास असेल तर प्रमाण आणि मीठ डॉक्टरांना विचारून. सुके बोंबील खारट असतात, तेव्हा बेताने. सांगितल्या दिवशी उठवून चालवा. जखमेवर हळद, राख, तंबाखूची पूड लावू नका.

मधुमेह असलेल्याने रोज रात्री आरसा ठेवून तळपाय पाहावा. स्वतःला दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगावे. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. काकांनी एवढे केले असते तर त्यांची दोन्ही बोटे आज जागेवर असती. बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने गाठले होते, हे आपण वाचतो, पुण्यतिथीला सांगतो. मग आपल्या घरातल्या मधुमेह्याचे पाय आपण किती वेळा पाहतो?

विनयपिटकात वैद्य जीवकाची एक गोष्ट आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीच्या डोक्यावर त्याने शस्त्रक्रिया केली. आधी त्याच्याकडून कबूल करून घेतले, की सात महिने एका कुशीवर, सात महिने दुसऱ्या कुशीवर आणि सात महिने उताणे पडून राहशील. श्रेष्ठीला दर वेळी सात दिवसांतच असह्य झाले. एकवीस दिवसांनी जीवक म्हणाला, ऊठ, तू बरा झालास. मी सात महिने म्हटले नसते तर तू सात दिवसही पडला नसतास. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यालाही ठाऊक होते, की शस्त्र चालवणे एका दिवसाचे काम असते, पण त्यापुढची जखम धीराने आणि काळजीने भरते.

आपण अंगारे-धुपारे सोडले, ते तथागतांनी कालामांना दिलेल्या शिकवणीमुळे. कोणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानायचे नाही, स्वतः तपासायचे. पण टाकी चमकते म्हणून पैसे टाकणे हाही एक अंगाराच झाला. आणि चौकशी न करता टाकीला शिव्या घालणे हाही. पहिल्यापासून काकांना वाचवताना दुसऱ्यात मी स्वतःच पडलो.

त्या ताई परवा विहारात भेटल्या. म्हणाल्या, "दादा, पुढच्या बैठकीत मीच बोलते. तुम्ही खाली बसून ऐका." येत्या पौर्णिमेला त्या बोलणार आहेत. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. आपणही या, आणि घरात कोणाच्या पायाला जखम असेल तर त्यांना घेऊन या.

जयभीम, नमो बुद्धाय.